सही कुणाची? : औषधाच्या चिठ्ठीचा पावणेदोनशे वर्षांचा प्रवास

घरातल्या औषधांच्या डब्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्यांची एखादी पट्टी काढून तिची मागची बाजू पाहावी. कडेने एक उभी लाल रेघ दिसते. तिच्याजवळ बारीक इंग्रजी अक्षरांत एक सूचना असते. हे 'शेड्यूल एच'मधले औषध आहे आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच त्याची किरकोळ विक्री करावी, असा तिचा आशय. पट्टी रुग्णाच्या हातात असली, तरी ही आज्ञा त्याला उद्देशून नाही, ती दुकानदाराला आहे. ती किती पाळली जाते, हे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते.

असे का होते, याची ठरलेली उत्तरे आपल्याकडे तयार असतात. दुकानदार लोभी, लोक बेफिकीर, सरकार झोपलेले. ही उत्तरे खोटी नाहीत, पण त्यांनी प्रश्न संपत नाही. औषधविक्रीच्या जुन्या कायद्यांचा अभ्यास करताना मला प्रत्येक कायद्याच्या मुळाशी एकच साधा प्रश्न दिसत गेला. घातक ठरू शकणारी वस्तू दुकानाच्या फळीवरून एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, तेव्हा तिची जबाबदारी घेऊन सही कुणी करायची? विकत घेणाऱ्याने, लिहून देणाऱ्याने की विकणाऱ्याने? या प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत आणि देशांत वेगवेगळी उत्तरे मिळाली. आपल्याला मिळालेले उत्तर कुठून आले आणि ते कुठे अडले, हे सांगण्यासाठी हा लेख.

सोमलाची वही

सुरुवात औषधापासून झालीच नाही, ती विषापासून झाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सोमल कुणालाही सहज मिळे. उंदीर मारायला, माश्या मारायला, शेतात बियाण्याला लावायला आणि औषधातही तो वापरला जाई. पांढऱ्या, बिनवासाच्या या पुडीचा पीठसाखरेत घोटाळा होई आणि ती मुद्दाम कालवणेही सोपे होते. विषप्रयोगाच्या खटल्यांनी वर्तमानपत्रे भरू लागली, तेव्हा १८५१ मध्ये ब्रिटिश संसदेने सोमलाच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला.

या कायद्याने सोमल बंद केला नाही, दुकानात एक वही आणली. विक्रीची तारीख, घेणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय, सोमल किती आणि कशासाठी, हे सारे तीत लिहायचे आणि खाली घेणाऱ्याची सही घ्यायची. गिऱ्हाईक ओळखीचे नसेल, तर दोघांच्याही ओळखीचा साक्षीदार हवा. थोड्या प्रमाणात विकायच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे तो पांढरा राहणार नाही. मसुद्यावर चर्चा चालू असताना, सोमल फक्त प्रौढ पुरुषांनाच विकावा अशी दुरुस्ती पुढे आली होती. जॉन स्टुअर्ट मिल यांनी गृहमंत्र्यांना पत्र लिहून तिला सडेतोड विरोध केला आणि अखेर ती वगळली गेली. विक्रीचा नियम म्हटला की कुणावर विश्वास ठेवायचा आणि कुणावर नाही हा प्रश्न आलाच, हे या पहिल्याच कायद्यात दिसते.

इथे सही घेणाऱ्याची होती. घेणारा सज्ञान आहे, त्याला नाव आहे, पत्ता आहे, आणि उद्या काही विपरीत घडले तर वही उघडून त्याच्यापर्यंत पोहोचता येईल, असा हिशेब. या कायद्यात एक अपवाद होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार तयार केलेल्या औषधात सोमल असेल, तर ही सगळी बंधने लागू नव्हती. तेव्हा कायद्यात चिठ्ठी शिरली ती बंधन म्हणून नव्हे, सवलत म्हणून. चिठ्ठी असेल, तर वहीत सही नको.

हीच रीत पुढे आपल्याकडे आली. मुंबई प्रांतात विषांच्या विक्रीसाठी १८६६ मध्येच कायदा झाला. मग देशभरासाठी १९०४ चा आणि त्याच्या जागी १९१९ चा विषविषयक कायदा आला. विष बाळगायला आणि विकायला परवाना लागे, नोंद लागे. पण वैद्यकीय व्यावसायिकाने आपल्या व्यवसायात सद्भावनेने केलेल्या कृतीला हा कायदा लागू नव्हता. सरकारचे लक्ष विषावर होते. औषध हा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला खाजगी मामला मानला जाई.

गोड चवीचे विष

हे चित्र बदलायला १९३७ साल उजाडावे लागले, तेही अमेरिकेत. सल्फानिलामाइड हे तेव्हाचे नवे, जंतूंवर खरोखर काम करणारे औषध होते. टेनेसी राज्यातल्या मॅसेन्गिल कंपनीने मुलांना घेता यावे म्हणून ते पातळ स्वरूपात आणले. ते विरघळवण्यासाठी तिच्या रसायनज्ञाने डायएथिलीन ग्लायकॉल वापरले. चवीला गोड, पण मूत्रपिंडे निकामी करणारे हे रसायन. विक्रीपूर्वी त्याच्या विषारीपणाची चाचणी घेतली गेली नाही, कारण तशी सक्ती करणारा कायदाच नव्हता. शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यांत मुले पुष्कळ होती.

अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने विक्रीची बिले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या धुंडाळत बाटल्यांचा माग काढला. तयार झालेल्या २४० गॅलनपैकी २३४ गॅलन औषध परत मिळवले. कारवाईचा आधार मात्र विलक्षण होता. या औषधाच्या नावात 'एलिक्झर' हा शब्द होता आणि त्या शब्दाचा अर्थ मद्यार्कयुक्त द्रावण. यात मद्यार्क नव्हता, म्हणून नाव चुकीचे. कंपनीने दुसरे नाव छापले असते, तर तो माल जप्त करायला कायद्यात जागा सापडणे कठीण होते.

या हाहाकारानंतर १९३८ चा कायदा झाला. नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा द्यायचा आणि प्रत्येक औषधावर ते कसे घ्यायचे याच्या पुरेशा सूचना छापायच्या. पण काही औषधे अशी, की सामान्य माणसाला कितीही सूचना दिल्या तरी ती त्याने आपल्या मनाने घेणे धोक्याचे. अशा औषधांवर 'फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर' असा इशारा छापला, तर सूचना छापण्यातून सूट मिळेल, असा नियम प्रशासनाने त्याच वर्षी केला. म्हणजे इथेही चिठ्ठी सवलतीच्या मागच्या दारानेच आली!

पण ही सवलत घ्यायची की नाही, हे कंपनी ठरवी. त्यामुळे तेच औषध एका कंपनीच्या बाटलीत चिठ्ठीवर आणि दुसरीच्या बाटलीत चिठ्ठीविना, असा गोंधळ माजला. जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावच्या सलिव्हन नावाच्या दुकानदाराने सल्फाथायाझोलच्या हजार गोळ्यांच्या बाटलीतून बारा-बारा गोळ्या काढून छोट्या डब्यांत घालून विकल्या. डब्यावर औषधाचे नाव होते, पण मूळ बाटलीवरचा इशारा नव्हता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फळीवरचा हा शेवटचा व्यवहारही केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येतो, असा निर्णय १९४८ मध्ये झाला.

अखेर १९५१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि कोणते औषध चिठ्ठीविना विकायचे नाही याची व्याख्या कायद्यातच आली. ही दुरुस्ती मांडणारे दोघे, प्रतिनिधी कार्ल डरहॅम आणि सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री, पेशाने फार्मासिस्ट होते. हम्फ्री तर वडिलांच्या औषध दुकानात वाढलेले. पुढे ते उपाध्यक्ष झाले. दुकानदार कोंडीत सापडला आहे, त्याला स्पष्ट रेघ आखून द्या, अशी ही मागणी होती. आता सही डॉक्टरांची झाली, आणि ती सवलत राहिली नाही, अट झाली.

सही नसली तर काय होते, हे थॅलिडोमाइडने दाखवले. पश्चिम जर्मनीत हे औषध १९५७ पासून निरुपद्रवी झोपेची गोळी म्हणून चिठ्ठीविना मिळत होते. गरोदर स्त्रियांनी ते घेतले आणि हातपाय नीट न वाढलेली बाळे जन्मू लागली. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी १९६१ मध्ये आयांना भेटून चौकशी केली, तेव्हा अनेकींनी सुरुवातीला या गोळीचा उल्लेखच केला नव्हता. जी गोळी कुणीही सहज घेते, ती औषध म्हणून सांगावीशी कशी वाटणार? कुठेच नोंद नव्हती, म्हणून कारण सापडायला वेळ लागला आणि त्या वेळात आणखी बाळे जन्मली.

पुण्याचा ठराव आणि चोप्रा समिती

आपल्याकडची कथा वेगळ्या टोकाकडून सुरू होते. इथे पहिली चिंता चिठ्ठीची नव्हतीच, बाटलीत आत काय आहे याची होती. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी औषधांचा बाजार फोफावला. हलक्या प्रतीचा आणि भेसळीचा माल खुशाल विकला जाई. हिवतापाने लाखो माणसे मरत होती आणि त्यावरच्या क्विनाइनच्या गोळीत क्विनाइन किती, याचा भरवसा नव्हता. १९२७ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये पुण्याचे इब्राहिम हरून जाफर यांनी औषधांची निर्मिती व विक्री यांवर कायद्याने नियंत्रण आणावे असा ठराव मांडला. त्यातून १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला.

समितीने केंद्रीय कायदा सुचवला, औषध तपासणाऱ्या प्रयोगशाळा सुचवल्या आणि फार्मसीच्या व्यवसायासाठीही कायदा हवा असे सांगितले. ही शेवटची शिफारस मला सर्वांत मोलाची वाटते. कारण तेव्हा आपल्याकडे फार्मासिस्ट हा स्वतंत्र व्यावसायिक जवळजवळ नव्हताच. होता तो कंपाउंडर. डॉक्टरांच्या दवाखान्यात पडद्याआड बसून मिक्स्चर कालवणारा, बाटलीला खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवून डोस दाखवणारा. लिहिणारा आणि देणारा एकाच छताखाली असत. त्यामुळे दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचे, ही युरोपातली कल्पना इथे रुजलेली नव्हती.

जागतिक मंदी आणि राज्यघटनेतले बदल यांत अहवाल अडकला. १९३५ च्या कायद्यानंतर हा विषय प्रांतांच्या अखत्यारीत आला, म्हणून सगळ्या प्रांतांच्या विधिमंडळांकडून ठराव घ्यावे लागले. मग १९४० मध्ये औषध कायदा झाला, १९४५ मध्ये नियम झाले आणि फार्मसी कायदा १९४८ मध्ये आला. म्हणजे चिठ्ठीशिवाय औषध देऊ नये असे सांगणारे नियम आधी तयार झाले, आणि ते ज्याने पाळायचे तो माणूस कायद्याने नंतर घडवला. स्वातंत्र्यानंतरच्या राज्यघटनेत समवर्ती सूचीच्या १९ व्या नोंदीत औषधे आणि विषे हे दोन शब्द आजही शेजारी-शेजारी बसले आहेत. सोमलाची वही तिथपर्यंत पोहोचलेली आहे.

नियम ६५

या १९४५ च्या नियमावलीतला ६५ क्रमांकाचा नियम काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचे. चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, रुग्णाचे नाव-पत्ता हवा, औषधाचे एकूण प्रमाण आणि डोस हवा. औषध दिल्यावर दुकानाचे नाव आणि दिल्याची तारीख त्याच चिठ्ठीवर टाकायची. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचे. नोंदवहीत किंवा बिलावर तपशील लिहायचा आणि खाली फार्मासिस्टने सही करायची. शिवाय शेड्यूल 'एच'मधल्या औषधाऐवजी दुसरे काही द्यायचे नाही, मग त्यात तेच मूळ औषध असले तरी.

नियम म्हणून हे नेटके आहे. पण त्यातल्या दोन सह्या तोलून पाहाव्यात. डॉक्टरांची सही निर्णयाची आहे. फार्मासिस्टची सही साक्षीदाराची आहे. त्याने शिक्षण घ्यायचे, नोंदणी करायची, औषधाचे सगळे गुणदोष ओळखायचे, आणि फळीमागे उभे राहून स्वतःच्या जोरावर काहीच ठरवायचे नाही. हुद्दा व्यावसायिकाचा आणि काम टपाल्याचे! त्यातून पुढे काय झाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या सहीला किंमत नाही, ती भाड्याने मिळू लागली. भिंतीवर फ्रेममध्ये एकाचे प्रमाणपत्र, फळीमागे दुसराच कुणी.

महाराष्ट्रात २०१२-१३ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. त्यांच्या काळात फार्मासिस्टची प्रत्यक्ष हजेरी, चिठ्ठी आणि बिल या तीन गोष्टींचा आग्रह धरला गेला. ते कायद्यात कित्येक दशके लिहिलेलेच होते. तरीही राज्यातल्या औषधविक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला. जुनाच नियम पाळायला सांगितला तर तो नवा अन्याय वाटावा, इतका तो विस्मरणात गेला होता.

केवळ सह्यांनी जीव वाचत नाहीत, हेही मुंबईने पाहिले आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात औद्योगिक वापराचे ग्लिसरीन होते आणि त्या ग्लिसरीनमध्ये १९३७ सालचेच डायएथिलीन ग्लायकॉल. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय या तिन्ही ठिकाणच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. प्रत्येक टप्प्यावर कागद होता, तरी बाटली वॉर्डापर्यंत पोहोचली. कागद लिहिणारे असतात, वाचणारे नसतात, तेव्हा असे होते.

दोन गिऱ्हाइके

माझ्या मामांचे तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान होते. ते स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट. त्यांची जुनी नोंदवही माझ्याकडे आहे. लांबट पाने, निळी शाई, शेवटच्या रकान्यात त्यांची आखूड सही. सुट्टीत मी तिथे बसत असे, तेव्हाच्या दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांची मला आठवण आहे.

एक म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी येणारी म्हातारी माणसे. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी लिहिलेली चिठ्ठी घड्या पडून चिंधी झालेली. नियमाप्रमाणे तिच्यावर एकदाच औषध द्यायचे. पण नवी चिठ्ठी आणायची म्हणजे दिवसभराची एसटी, डॉक्टरांची फी आणि बुडालेली मजुरी. मामा म्हणत, "काका, दाब तपासून घ्या बरं का या महिन्यात," आणि गोळ्या देत. दुसरे म्हणजे झोपेच्या गोळ्या मागणारे. कधी कुणी तरुण पोर, कधी नुकतीच सासरी आलेली, डोळे सुजलेली मुलगी. "माल संपलाय गं बाई," म्हणून मामा तिला बसवून ठेवत, चहा मागवत आणि कुणाकरवी घरच्यांना निरोप धाडत.

कायद्याच्या दृष्टीने पहिल्या प्रसंगात मामा दोषी होते आणि दुसऱ्यात त्यांनी नियम पाळला होता. त्यांच्या दृष्टीने दोन्ही वेळी त्यांनी एकच काम केले होते, समोरच्या माणसाकडे पाहून ठरवण्याचे. नोंदवहीत यातले काही नाही. म्हाताऱ्यांची नोंद करणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा लिहिणे, आणि न दिलेल्या औषधाला रकानाच नव्हता. त्यांनी जे सर्वांत चांगले काम केले, ते वहीबाहेर राहिले. मामांचे कौतुक म्हणून मी हे सांगत नाही. मामांच्या फळीवर जी मोकळीक होती, तीच शेजारच्या फळीवर तापासाठी तीन रंगांच्या सुट्या गोळ्यांची पुडी बांधून देणाऱ्यालाही होती. नियम दोघांनाही सारखेच गुन्हेगार ठरवत होता, म्हणून दोघांमधला फरक त्याला दिसत नव्हता.

तिसऱ्या माणसासाठी

विष घेणाऱ्याला मारते आणि झोपेची गोळीही घेणाऱ्यालाच. अँटिबायोटिकचा धोका वेगळा आहे. तो घेणाऱ्याच्या पलीकडे जातो. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल व्याख्यान देताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता, की पेनिसिलिन दुकानात कुणालाही विकत मिळू लागले, तर अपुऱ्या डोसांमुळे जंतू त्याला सरावतील, आणि हे सरावलेले जंतू मग दुसऱ्याच कुणाचा जीव घेतील. ब्रिटनने १९४७ मध्ये खास पेनिसिलिनसाठी कायदा करून ते चिठ्ठीवर आणले. तोवर चिठ्ठी घेणाऱ्याला जपत होती. इथून पुढे ती व्यवहारात कुठेच नसलेल्या तिसऱ्या माणसालाही जपू लागली.

भारताला याची तीव्र जाणीव झाली ती २०१० मध्ये. बहुतेक अँटिबायोटिकांना दाद न देणाऱ्या जंतूंमधल्या एका विकराला शास्त्रज्ञांनी नवी दिल्लीचे नाव दिले आणि राजकीय वादळ उठले. वादळ ओसरल्यावर मात्र काम झाले. ऑगस्ट २०१३ मध्ये 'शेड्यूल एच-वन' अधिसूचित झाले आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाले. त्यात ४६ औषधे होती. पुढच्या पिढ्यांतली सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, क्षयरोगावरची औषधे आणि काही सवय लावणारी. त्यांच्यासाठी वेगळी वही, तीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व प्रमाण, आणि ती वही तीन वर्षे जपायची. १८५१ सालची वही नव्या नावाने परत आली होती. तरी पहिल्या फळीतली, रोज खपणारी पुष्कळ अँटिबायोटिके या यादीबाहेर जुन्या शेड्यूल 'एच'मध्येच राहिली, कारण जिथे डॉक्टरच नाही तिथल्या माणसाने काय करायचे, याला उत्तर नव्हते.

ही कोंडी किती खरी आहे, हे एका अभ्यासाने दाखवले. संशोधकांनी दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या औषध दुकानांत शिकवून तयार केलेले नकली रुग्ण पाठवले. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. खोकला आणि ताप सांगणाऱ्या, पण हातात कसलाच कागद नसलेल्या रुग्णाला ३७ टक्के वेळा अँटिबायोटिक मिळाले. क्षयाचा प्रयोगशाळेतला अहवाल दाखवणाऱ्याला १६ टक्के वेळा, आणि त्याला डॉक्टरांकडे पाठवण्याचे प्रमाणही कितीतरी अधिक होते. क्षयावरची मुख्य औषधे मात्र एकाही दुकानदाराने चिठ्ठीविना दिली नाहीत.

मला या निष्कर्षात आशा दिसते. ज्या दुकानदाराला आपण सरसकट बेजबाबदार म्हणतो, त्याला नकार देता येतो. आजार काय आहे हे स्पष्ट असेल आणि हे आपल्या हातचे नाही अशी त्याची खात्री पटली असेल, तर तो देतो. अडचण येते ती धूसर जागी, म्हणजे नुसत्या खोकल्याला, नुसत्या तापाला. आणि आपल्या देशातली बहुसंख्य गिऱ्हाइके त्याच जागी उभी असतात.

मधली जागा

ब्रिटनने १९६८ च्या कायद्यात औषधांचे तीन वर्ग केले. चिठ्ठीवर मिळणारी, कुठल्याही दुकानात मिळणारी आणि या दोहोंमध्ये तिसरा वर्ग, चिठ्ठी नको पण फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच विकायची. या मधल्या वर्गात सही फार्मासिस्टची असते, आणि ती निर्णयाची सही असते. तो प्रश्न विचारतो, नाही म्हणू शकतो, आणि चुकला तर त्याला जाब विचारता येतो.

आपल्या नियमावलीत असा वर्ग नाही. फार काय, चिठ्ठीविना विकायच्या औषधांची वेगळी कायदेशीर यादीही नाही. जे कुठल्या चिठ्ठीच्या शेड्यूलमध्ये नाही, ते चिठ्ठीविना चालते, एवढेच. एका कोपऱ्यात एक सूट आहे. हजारापर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, ग्राइप वॉटर, मलमपट्टी, एरंडेल अशा घरगुती गोष्टी परवान्याशिवाय विकता येतात. म्हणजे एका टोकाला किराणा दुकानदाराचे स्वातंत्र्य, दुसऱ्या टोकाला डॉक्टरांची सही, आणि मध्ये रीतसर शिकून आलेला फार्मासिस्ट, ज्याच्या शिक्षणाचा कायदा फक्त शिक्क्यापुरता उपयोग करतो.

या पोकळीत आता नवी दुकाने उभी राहत आहेत. घरबसल्या औषध मागवण्याच्या विक्रीसाठी २०१८ मध्ये मसुदा नियम निघाले, पण ते पक्के होण्याआधीच हा व्यापार रुळला. ३०० ब्रँडच्या औषधांवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड आला. बाटलीत काय आहे, ही चोप्रा समितीची जुनी चिंता त्याने काहीशी हलकी होईल. पण ती बाटली कुणाच्या हाती, कुणाच्या सांगण्यावरून गेली, हे तो कोड सांगत नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या भीतीने लोक हायड्रॉक्सिक्लोरोक्विन साठवू लागले, तेव्हा सरकारने त्या औषधाला एच-वनचे नियम लावले. तरी रोज त्याच गोळीवर जगणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांना ती मिळेनाशी झाली. नुसती बंदी आणि नुसती मोकळीक, दोन्हींत होरपळतो तो खरा गरजू.

म्हणून चिठ्ठीची सक्ती कडक करा की सैल करा, हा वाद मला अपुरा वाटतो. अँटिबायोटिकवरची डॉक्टरांची सही कुणीही काढून घेऊ नये. ती तिसऱ्या माणसासाठी आहे. पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पुढची पट्टी, ओळखीच्या दुखण्यावरचे ओळखीचे औषध, कुणाला आजच डॉक्टरांकडे पाठवायचे याचा निर्णय, हे फार्मासिस्टच्या सहीवर सोपवता येईल. अट एकच. तो प्रत्यक्ष फळीमागे हजर हवा, आणि त्याची वही वाचणारा कुणीतरी हवा. ज्या सहीने काही ठरते, ती कुणी भाड्याने देत नाही, कारण तिच्याबरोबर जाबही येतो.

सोमलाच्या वहीने सही घेणाऱ्याकडे मागितली. एलिक्झरच्या बळींनंतर ती डॉक्टरांकडे गेली. जो माणूस रोज सकाळी शटर वर करून आपल्या औषधांच्या आणि आपल्या मधोमध उभा राहतो, त्याच्याकडे आपल्या कायद्याने अजून ती मनापासून मागितलेली नाही. पट्टीवरची लाल रेघ त्याला आज्ञा देते. त्याला अधिकारही देणारी ओळ तिच्याशेजारी छापली जाईल, त्या दिवशी ती आज्ञा पाळली जाण्याची शक्यता निर्माण होईल.